सिझरनंतरच्या जेवणाची वेळ केसपेपरवर लिहिली जावी

प्रति,
आरोग्यसेवा संचालनालय, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन;
तसेच राज्यातील जिल्हा, उपजिल्हा, स्त्री आणि ग्रामीण रुग्णालयांतील स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि अधिसेविका

विषय: सिझेरियन शस्त्रक्रियेनंतर मातेला तोंडाने पाणी व अन्न लवकर सुरू करण्याबाबत

सन्माननीय महोदय आणि महोदया,

सविनय नमस्कार.

सिझेरियन शस्त्रक्रिया गुंतागुंतीशिवाय पार पडली असेल, तर त्या मातेला पाणी केव्हा द्यायचे आणि जेवण केव्हा द्यायचे हे ऑपरेशनच्या नोंदीबरोबरच, घड्याळाची वेळ घालून, केसपेपरवर लिहिले जावे. आणि ती वेळ झाली की माता पूर्ण जागी व स्थिर आहे एवढे पाहून ते सुरू करण्याचा अधिकार वॉर्डातील परिचारिकेला असावा. या एका मागणीसाठी हे पत्र आहे. सरकारी रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून मी अनेक वर्षे काम केले आहे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोरड्या ओठांनी बाळाला पाजणाऱ्या इतक्या माता मी पाहिल्या आहेत की निवृत्तीनंतरही हा विषय मनातून जात नाही. काही रुग्णालयांत ही पद्धत बदललेली आहे, आणि तिथल्या डॉक्टरांचे व सिस्टरांचे मला मनापासून कौतुक वाटते. परंतु तो बदल एखाद्या डॉक्टरांच्या आग्रहावर उभा असतो आणि त्यांची बदली झाली की वॉर्ड पुन्हा जुन्या रीतीवर जातो, म्हणून आपल्या सर्वांना एकत्र उद्देशून लिहीत आहे.

प्रत्यक्षात काय घडते ते तासांच्या हिशेबात मांडून पाहावे. रात्री आठ वाजता जेवलेल्या एखाद्या स्त्रीला पहाटे कळा सुरू होतात. ती रुग्णालयात पोहोचते तेव्हा 'कदाचित सिझर करावे लागेल' म्हणून तिला काहीही देऊ नका, असे नातेवाइकांना सांगितले जाते. दुपारपर्यंत प्रसूती पुढे सरकत नाही, बाळाचे ठोके कमी होऊ लागतात आणि चार वाजता शस्त्रक्रिया होते. त्या वेळी तिला उपाशी राहून वीस तास झालेले असतात. केसपेपरवर 'एनबीएम' (तोंडाने काहीही देऊ नये) एवढेच लिहिलेले असते, ते केव्हापर्यंत हे लिहिलेले नसते, त्यामुळे पुढचा राऊंड होईपर्यंत कोणी काही देण्याचे धाडस करत नाही. तो राऊंड दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला झाला, तर अडतीस तास होतात. तेव्हा तिला विचारले जाते, 'गॅस पास झाला का?' ती नाही म्हणाली, तर पाण्याचे घोट तेवढे मंजूर होतात आणि जेवण संध्याकाळवर किंवा त्याच्याही पुढच्या दिवसावर जाते. एवढ्या काळात शस्त्रक्रियेत तिचे अर्धा ते एक लिटर रक्त गेलेले असते आणि जखम भरून येण्याचे काम शरीराने हाती घेतलेले असते. पहिल्या तासातच बाळाला छातीशी लावा, असेही आपणच तिला सांगितलेले असते.

ही स्त्री मुळात कशी आहे, याचाही विचार व्हावा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील 52.2 टक्के गर्भवती रक्तक्षयी होत्या. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सुमारे एक चतुर्थांश प्रसूती सिझेरियनने झाल्याचे दिसते. स्तनपान देणाऱ्या मातेला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे 600 कॅलरी जास्त लागतात, असे भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या शिफारशींत म्हटले आहे. ज्या मातेच्या अंगात आधीच कमी आहे आणि जिच्याकडून या दिवसांत सर्वाधिक मागितले जाते, तिलाच आपण दीड-दोन दिवस काही देत नाही.

हे का केले जाते, याचे कारण मी समजू शकते. पोट उघडले की आतडी थांबतात. ती पुन्हा चालू होईपर्यंत वरून काही घातले, तर पोट फुगेल, उलटी होईल, टाक्यांवर ताण येईल, ही ती भीती. पण आतड्यांचे सगळे भाग एकाच वेळी थांबत नाहीत आणि एकाच वेळी जागेही होत नाहीत. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतरही लहान आतडे काही तासांत चालू लागते, जठराला एक ते दोन दिवस लागू शकतात, आणि मोठे आतडे सर्वांत शेवटी, दोन ते तीन दिवसांनी पूर्ववत होते. गॅस सरणे हे या शेवटच्या भागाचे लक्षण आहे. अन्न पचवून शोषून घेण्याचे काम लहान आतड्याचे, आणि परवानगी मात्र आपण मोठ्या आतड्याकडे मागतो. त्यातही सिझेरियनमध्ये आतड्यांना फारसा हात लागत नाही; गर्भाशय समोरच असते, शस्त्रक्रिया बहुधा तासाभरात संपते. ज्या शस्त्रक्रियांमध्ये आतडे कापून जोडावे लागते त्यांच्यासाठी घातलेला नियम इथे जसाच्या तसा लावला गेला आहे.

आणि काही न देता पोट रिकामे राहते असे तरी कुठे आहे? लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचे स्वतःचे स्राव मिळून दिवसाला सहा-सात लिटर द्रव पचनमार्गात उतरतो आणि त्यातला बहुतेक पुन्हा शोषला जातो. उपाशी माणसात हे प्रमाण घटते, पण थांबत नाही. एवढा द्रव सांभाळणाऱ्या आतड्याला कपभर पाणी जड जाईल, हे मानणे कठीण आहे.

'सलाईन चालू आहे ना, मग काय काळजी' हे उत्तर वॉर्डात नेहमी ऐकू येते, नातेवाइकांना तर ते पूर्ण पटलेले असते. सलाईनच्या बाटलीत काय असते ते त्यांना एकदा सांगायला हवे. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे जेमतेम 100 कॅलरी, प्रथिने शून्य. अशा चार बाटल्या दिल्या तरी एका साध्या जेवणाची भरपाई होत नाही. नॉर्मल सलाईनच्या किंवा डीएनएसच्या (ग्लुकोज मिसळलेल्या सलाईनच्या) अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते. प्रौढ माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. इथे ते एका बाटलीत जवळपास पूर्ण होते आणि बाटल्या तीन-चार लागतात.

याचा परिणाम आतड्यांवरच होतो, हे विशेष. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या 20 रुग्णांवर केलेला एक अभ्यास 2002 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीच्या प्रथेप्रमाणे भरपूर पाणी व मीठ शिरेतून दिले गेले, त्यांचे जठर रिकामे व्हायला जास्त वेळ लागला, त्यांना गॅस सरायला मोजूनमापून द्रव दिलेल्यांपेक्षा एक दिवस उशीर झाला आणि रुग्णालयातला मुक्कामही तीन दिवसांनी लांबला. अभ्यास लहान होता आणि शस्त्रक्रिया वेगळी होती, तरी त्यातली साखळी लक्षात घेण्यासारखी आहे: तोंडाने काही देत नाही म्हणून सलाईन, जास्त सलाईनमुळे आतड्यांना सूज, सुजेमुळे गॅस सरायला उशीर, आणि गॅस सरला नाही म्हणून पुन्हा तोंडाने काही नाही. रक्तस्राव झाल्यावर, रक्तदाब घसरल्यावर पहिल्या तासांत शिरेतून द्रव द्यावेच लागतात, याबद्दल दुमत नाही. माता नीट पाणी पिऊ लागली की मात्र ती बाटली उतरवण्याची वेळ आलेली असते.

उपाशी ठेवण्याच्या प्रथेला एक खरा इतिहास आहे आणि त्याचा मान राखूनच पुढे गेले पाहिजे. न्यूयॉर्कमधील डॉक्टर मेंडेल्सन यांनी 1946 मध्ये 44,016 प्रसूतींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांपैकी 66 स्त्रियांच्या श्वासमार्गात, भुलीखाली असताना, जठरातील पदार्थ गेले होते आणि घट्ट अन्न अडकून दोघी दगावल्या होत्या. त्या काळी मुखवट्यावाटे ईथरची पूर्ण भूल दिली जात असे. त्या आढाव्याने प्रसूतिगृहांना दिलेली सावधगिरी योग्यच होती, पण ती भुलीच्या आधीच्या आणि भुलीदरम्यानच्या काळासाठी होती. आज आपल्याकडे बहुतेक सिझेरियन स्पायनलखाली, म्हणजे पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन फक्त शरीराचा खालचा भाग बधिर करणाऱ्या भुलीखाली, होतात. माता शस्त्रक्रियेतही जागी असते, तिचा ठसका व गिळण्याची क्रिया शाबूत असते. भुलीच्या आधीच्या नियमाचे म्हणाल तर तोही आता सैल झाला आहे: ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेआधी सहा तास हलके अन्न आणि दोन तास निवळ पाणी बंद ठेवणे पुरेसे मानले जाते. सकाळी अकराला नंबर असलेल्या मातेला आदल्या मध्यरात्रीपासून पाणीही न देण्याला आधार उरलेला नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या काळाबद्दल 2002 मध्येच कोक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, खास सिझेरियनपुरता, आढावा घेतला होता. लवकर पाणी व अन्न दिलेल्या मातांमध्ये मळमळ किंवा उलट्यांचे प्रमाण ठळकपणे वाढलेले दिसले नाही, आतड्यांचे आवाज लवकर परतले आणि त्या लवकर घरी गेल्या. गुंतागुंत नसलेल्या सिझेरियननंतर अन्नपाणी रोखून धरण्याला आधार सापडत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केहलेट यांनी नव्वदच्या दशकात वेदना, सलाईन, नळ्या, हालचाल आणि आहार यांचा एकत्र विचार करून जी पद्धत मांडली, तिच्यातून पुढे 'ईरास' (शस्त्रक्रियेनंतर लवकर बरे होणे) या नावाने मार्गदर्शक सूचना तयार झाल्या. सिझेरियननंतरच्या काळासाठीच्या त्यांच्या 2019 च्या सूचनेत दोन तासांच्या आत नेहमीचा आहार सुरू करण्याची शिफारस आहे. उपचारांसाठी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेची सूचनाही माता ठीक असेल आणि गुंतागुंत नसेल तर तिला नेहमीसारखे खाऊपिऊ द्यावे, अशीच आहे. (च्युइंगगम चघळल्याने गॅस लवकर सरतो, असेही काही अभ्यासांत दिसले आहे. परंतु जिला लवकर जेवायलाच मिळते, तिला त्याची गरज उरत नाही.)

आता धोक्याबद्दल, कारण या मुद्द्यावर घाईने बोलणे मला योग्य वाटत नाही. लवकर जेवण म्हणजे सरसकट सर्वांना जेवण नव्हे. पूर्ण भूल दिलेली आणि अजून गुंगीत असलेली माता. झटके येऊन मॅग्नेशियम सल्फेट हे झटके रोखणारे औषध चालू असलेली व सुस्त पडलेली माता. रक्तस्राव थांबलेला नसल्याने पुन्हा टेबलावर घ्यावी लागेल अशी शंका असलेली माता. जिच्या आतड्याला शस्त्रक्रियेत इजा झाली आहे, जिचे पोट फुगत चालले आहे, जी सतत ओकते आहे किंवा जिला गंभीर जंतुसंसर्ग आहे अशी माता, या सर्वांसाठी निर्णय डॉक्टरांनीच, प्रत्येकीचा वेगळा, घ्यायला हवा. पोटाच्या इतर शस्त्रक्रियांमध्ये लवकर आहार दिल्यावर काही चाचण्यांत उलट्या थोड्या वाढलेल्याही दिसल्या आहेत. एखादी उलटी झाली तर थांबावे, रक्तदाब पाहावा, पोट पाहावे, औषध द्यावे आणि तासाभराने पुन्हा घोटापासून सुरुवात करावी; एका उलटीवरून पुन्हा दिवसभराचा उपवास लावू नये. सिझेरियननंतर क्वचित मोठे आतडे अचानक फुगत जाते, त्याला ओगिल्वीची व्याधी म्हणतात. ती वेळीच ओळखली नाही, तर आतडे फुटूही शकते. उपाशी ठेवल्याने ती टळते असे नाही, आणि एखाद्या रुग्णात थोडा गॅस सरत असतानाही ती असू शकते. ती सापडते ती दर काही तासांनी पोटावर हात ठेवून पाहणाऱ्या, फुगारा व दुखणे वाढते आहे का ते विचारणाऱ्या सिस्टरला. म्हणून लवकर आहार सुरू करणाऱ्या वॉर्डात देखरेख कमी होता कामा नये.

मधुमेही मातांचा उल्लेख वेगळा करते. वार बाहेर पडली की इन्सुलिनची गरज झपाट्याने उतरते. गरोदरपणातला डोस चालू राहिला आणि पोटात काही नाही, अशी अवस्था रात्रीच्या पाळीत झाली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. या मातांना जेवण आणि इन्सुलिन यांच्या वेळा एकाच ओळीत लिहून मिळाल्या पाहिजेत.

वॉर्डातील परिचारिकेला अधिकार द्यावा असे मी म्हणते, त्यामागे एक साधे निरीक्षण आहे. माता शुद्धीत आहे का, घोट गिळते का, मळमळते का, पोट मऊ आहे का, हे सर्व चोवीस तास तीच पाहत असते. डॉक्टर पुढच्या शस्त्रक्रियेत किंवा बाह्यरुग्ण विभागात अडकलेले असतात, आणि 'पाणी देऊ का' एवढे विचारायला त्यांना रात्री दोन वाजता फोन करणे कोणत्याही सिस्टरला प्रशस्त वाटत नाही. त्यामुळे न देणे हेच तिच्यासाठी सुरक्षित ठरते. दिले आणि उलटी झाली तर जाब तिला विचारला जातो, न दिल्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही. ही भीती तिच्या स्वभावातून येत नाही, लेखी आदेश नसल्यामुळे येते. भूलतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी टेबलावरून उठण्यापूर्वी दोन ओळी लिहिल्या, तर तो प्रश्न तिथेच मिटेल. चार वाजताच्या शस्त्रक्रियेसाठी त्या ओळी अशा असू शकतील: 'स्पायनल, गुंतागुंत नाही. पाणी 5 वाजता, दूध किंवा पेज 6 वाजता, जेवण 8 वाजता. उलटी झाल्यास किंवा पोट फुगल्यास थांबवून कळवावे.'

रुग्णालयातल्या या उपवासाचा परिणाम घरापर्यंत जातो, हे कदाचित आपल्या नजरेस येत नसेल. बाळंतिणीने पाणी कमी प्यावे, नाहीतर पोट सुटते. भात खाल्ला की टाके पिकतात. डाळीने वात धरतो. आंबट खाल्ले की जखम चिघळते, अशा समजुती आपल्याकडे गावोगावी आहेत आणि आजी, सासू, मावशी त्या मायेपोटीच पाळतात. डॉक्टरांनीच दोन दिवस पाणी तोडले, हे पाहिल्यावर त्या समजुतींवर शिक्कामोर्तब होते. मग घरी गेल्यावर महिनाभर तिला भाकरीचा मऊ भाग आणि तूप-मिठाचे पाणी असे काहीतरी मिळत राहते. जखमेत पू होतो तो जंतूंमुळे. जखम भरून यायला प्रथिने, क जीवनसत्त्व आणि लोह लागते, आणि ते डाळ, अंडी, दूध, पालेभाजी, लिंबू-आवळा यांतून मिळते. हे आहारतज्ज्ञाने व्याख्यान देऊन पटत नाही, हा माझा अनुभव आहे. शस्त्रक्रियेच्या दिवशी संध्याकाळीच रुग्णालयाने स्वतः तिच्यापुढे वरण-भाताचे ताट ठेवले आणि तिला काही झाले नाही, हे सासूबाईंनी डोळ्यांनी पाहिले की पटते. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा हे सारे नंतर आनंदाने यावे, त्याला माझा विरोध नाही.

पहिल्या घोटानंतर दोन दिवस नुसते पातळ आणि मग दोन दिवस मऊ, अशी चढती पायरीही आवश्यक नाही. नारळपाणी, डाळीचे निवळ पाणी आणि साखरेचा चहा यांनी तहान भागते, पण प्रथिने जवळजवळ मिळत नाहीत. घोट पचले, दूध किंवा पेज पचली, तर त्याच दिवशी मुगाची खिचडी, वरण-भात, उपमा, इडली, नाचणीची पेज, उकडलेले अंडे यांतले तिला जे रुचेल ते द्यावे. भूक नसेल तर आग्रह करू नये.

यासाठी स्वयंपाकघराची घडी बदलावी लागेल आणि शासनाने लक्ष घालावे असा खरा मुद्दा हाच आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 1 जून 2011 पासून लागू आहे आणि त्यात सिझेरियन झालेल्या मातेला सात दिवसांपर्यंत मोफत आहाराचा हक्क आहे. त्या सात दिवसांतले पहिले दोन आपण उपवासात घालवतो. शिवाय अनेक ठिकाणी आहाराचे मागणीपत्रक सकाळी स्वयंपाकघरात जाते आणि दुपारी व संध्याकाळी ठरलेल्या वेळी ताटे येतात. दुपारी तीनला शस्त्रक्रिया झालेल्या मातेचे नाव त्या पत्रकात नसते. रात्री अकराला झाली, तर स्वयंपाकघर बंद असते आणि नातेवाईक फाटकाबाहेरच्या टपरीवरून चहा-बिस्किट आणतात. ज्यांच्यासोबत कोणी नाही, त्यांना तेही मिळत नाही. डॉक्टरांनी वेळ लिहिली आणि त्या वेळी वॉर्डात द्यायला काहीच नसले, तर आदेश कागदावर राहील. प्रत्येक प्रसूतिपश्चात कक्षात रात्रीसाठी दूध, केळी, राजगिऱ्याचे लाडू, नाचणीचे भाजलेले पीठ आणि पाणी गरम करण्याची सोय एवढा साठा ठेवण्यास फार मोठा निधी लागत नाही. त्याची खरेदी कोणत्या लेखाशीर्षातून करावी हे मात्र परिपत्रकात स्पष्ट लिहावे लागेल, कारण तसे न लिहिल्यास अधिसेविकांना स्वतःच्या जबाबदारीवर ती करणे अशक्य होते.

परिपत्रकाबरोबर आणखी एक लहान बदल सुचवते. सिझेरियनच्या नोंदवहीत शस्त्रक्रिया संपल्याची वेळ लिहिली जातेच; तिच्याशेजारी 'तोंडाने पहिले पाणी' आणि 'पहिले जेवण' असे दोन रकाने वाढवावेत, आणि जिल्हा शल्यचिकित्सकांच्या मासिक बैठकीत त्या दोन वेळांवर नजर टाकली जावी. जिथे उशीर दिसेल तिथे कारण विचारता येईल: आदेश लिहिला नव्हता, अन्न उपलब्ध नव्हते, की मातेची प्रकृतीच तशी होती. एखाद्या जिल्ह्याने हे प्रथम एका रुग्णालयात करून पाहायचे ठरवल्यास परिचारिका आणि स्वयंपाकघरातील कर्मचारी यांच्या प्रशिक्षणासाठी, तसेच आहारपत्रक तयार करण्यासाठी मी विनामूल्य यायला तयार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त रुग्णालयीन आहारतज्ज्ञ